रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप व नागपूरची माती

नागपूरच्या काळ्या मातीचें एक ढेकूळ घेऊन तें कांचेच्या भांड्यांतील पाण्यांत चांगलें ढवळून ठेवावें. वाळू लागलीच तळाशीं बसते, तिच्यामागून बारीक गाळ बसतो; परंतु चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण कित्येक तास पाण्यांत तरंगत राहतात. ०.००२ मिलिमीटरहून लहान कणांस शास्त्रज्ञ चिकणमाती म्हणतात. कोणता कण किती वेळांत बसला हें पाहून मातींत, किंवा मऊ खडक कुटून पाण्यांत कालविल्यास त्यांतही, तिचें प्रमाण किती हें ठरवितां येतें. वाहत्या पाण्यांत हे सुटे कण सहसा बसत नाहींत. म्हणून खडकांतील चिकणमातीचा थर हा एखाद्या प्राचीन संथ जलाशयाचा साक्षीदार असूं शकतो. असे साक्षीदार आमच्या नागपुरांत शोधून काढणाऱ्या पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ता. ८ सप्टेंबर १८१७ रोजीं स्कॉटलंडांतील डन्स या गांवीं झाला. फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते १८४५ सालीं नागपुरास आले व पुढील वर्षीं त्यांनीं येथें शाळा काढली. शाळा व धर्मकार्य सांभाळून उरलेल्या वेळांत ते आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह आसपासचे खडक पाहत हिंडत.

शहराजवळील टाकळी येथें काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्यें दबलेला गाळाचा एक पातळ थर त्यांस आढळला. त्यांत गोड्या पाण्यांतील शंखशिंपले, फळें व बिया दगड होऊन राहिल्या होत्या. आज जेथें आम्ही चालतों तेथें एके काळीं तळें होतें, हें त्यांवरून सिद्ध झालें. १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्रमंडळाच्या त्रैमासिकांत या दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. हे थर तृतीयक काळाचे असावेत असें हिस्लॉप यांचें मत होतें. पुढील शोधांनीं ते त्याहून जुने, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचे, ठरले. तथापि अनुमान बदललें तरी त्यांनीं जमविलेला पुरावा अद्याप उपयोगीं पडत आहे. टाकळीच्या एका हिरवट खनिजास त्यांच्याच नांवावरून हिस्लोपाइट हें नांव मिळालें.

दगडांप्रमाणेंच माणसांविषयींही त्यांस जिज्ञासा होती. गोंड लोकांची भाषा व गीतें यांचा त्यांनीं संग्रह चालविला होता. परंतु ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून रात्रीं घोड्यावरून परत येत असतां वाटेंतील ओढ्यास पूर आलेला होता. त्यांत बुडून त्यांचा अंत झाला. वयाचीं सेहेचाळीस वर्षें पूर्ण होण्यास अवघे चार दिवस उरले होते. त्यांचीं अपुरीं टिपणें सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून काढलीं, म्हणूनच तीं वांचलीं. १८८३ सालीं स्थापन झालेलें हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नांवाचें स्मारक होय.

विद्यार्थ्यांनो, हिस्लॉप यांच्यापाशीं मोठी प्रयोगशाळा नव्हती. होती ती हातोडी, डोळस नजर व रोज थोडें काम करण्याची चिकाटी. पायांखालची माती तुच्छ मानूं नका. ती काय सांगते हें विचारणारा मात्र पाहिजे.