शस्त्रवैद्य अबुल कासिम अल्-झहरावी

शस्त्रक्रियेच्या इतिहासात आपल्याकडे सुश्रुताला जो मान आहे, तोच मान युरोप व अरब जगतात अबुल कासिम अल्-झहरावी यांना दिला जातो. स्पेनमधील कॉर्डोव्हा शहराजवळच्या अझ्-झहरा या राजनगरीत इ. स. 936 च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. गावावरूनच ते झहरावी म्हणून ओळखले गेले.

दीर्घकाळच्या अनुभवातून त्यांनी ‘अत्-तस्रीफ’ हा 30 भागांचा ग्रंथ 1000 सालच्या सुमारास पुरा केला. त्याचा अखेरचा भाग शस्त्रक्रियेवर असून त्यात सुमारे 200 हत्यारांच्या आकृत्या आहेत. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने त्याचे लॅटिन भाषांतर केले. पुढे कित्येक शतके युरोपातील वैद्य त्यावर शिकले.

या भागात बालकांच्या डोक्यात पाणी साठण्याच्या विकारावर एक छोटे प्रकरण आहे. झहरावींनी असे एक मूल पाहिले होते. त्याचे डोके दिवसेंदिवस वाढत गेले, भाराने त्याला बसवेना आणि अखेर ते दगावले. त्यांच्या पाहण्यातली अशी सारीच मुले लवकर गेली. म्हणून अशा मुलांवर शस्त्र न चालवणेच त्यांनी पसंत केले. तरीही पाणी कातडीखाली आहे की हाडाखाली हे कसे ओळखावे, चीर कशी घ्यावी, नंतर पट्टी कशी बांधावी, हे त्यांनी पुढच्यांसाठी लिहून ठेवले. मानेवरची गाठ कापताना एका अडाणी वैद्याने धमन्या तोडल्या व ती स्त्री रक्तस्रावाने मेली, ही हकीकतही त्यांनी दिली आहे. शरीररचना शिकल्यावाचून शस्त्राला हात लावू नये, हा त्यांचा आग्रह होता. 1013 च्या सुमारास ते वारले.

जे त्यांना साधले नाही ते विसाव्या शतकात साधले. मेंदूतील जादा पाणी बारीक नळीने पोटात सोडतात. या नळीला शंट म्हणतात. मात्र नळी तुंबणे आणि जंतुसंसर्ग होणे, हे दोन धोके उरतातच. काटेकोर निर्जंतुकीकरण आणि शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेले प्रतिजैविक यांमुळे संसर्ग कमी होतो. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन व आयर्लंडमधील पाहणीत साध्या नळीने शेकडा सुमारे 6 रुग्णांना संसर्ग झाला, तर प्रतिजैविक भिनवलेल्या नळीने शेकडा 2 जणांना.

उरलेली राखण घरच्यांची. शंट बसवलेल्या मुलाला वारंवार उलट्या, डोकेदुखी, ताप किंवा गुंगी आली, तर आमच्या इंदुरीतल्या असो वा मुंबईतल्या, पालकांनी घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला तत्काळ मेंदूच्या शस्त्रवैद्याकडे न्यावे. तान्ह्या बाळाचे डोके झपाट्याने वाढत असल्यास नजर लागली म्हणून थांबू नये. आपली मर्यादा ओळखून वेळीच जाणकाराकडे जाणे, हाच झहरावींच्या चरित्राचा आपल्यासाठी धडा आहे.