लॉर्ड केल्विन आणि तुटलेलं कनेक्शन

केल्विन म्हटलं की आपल्याला २७३ मिळवायचे एवढंच आठवतं. मला मात्र हा माणूस आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. दोन टोकांमधलं कनेक्शन अचानक गेलं तर शोध कसा घ्यायचा, हे त्याच्याकडून शिकावं.

मूळ नाव विल्यम थॉमसन. जन्म १८२४, बेलफास्ट. वडील गणिताचे मास्तर, आई लहानपणीच गेली. दहाव्या वर्षी पोरगा ग्लासगो युनिव्हर्सिटीत दाखल आणि बाविसाव्या वर्षी तिथेच प्रोफेसर! मित्रांनो, त्या वयात आपण केटी सोडवत असतो. पुढे ५३ वर्षं त्याने तीच खुर्ची सांभाळली. तापमानाची स्केल १८४८ची, ती सगळ्यांना पाठ आहे, म्हणून सोडून देतो.

१८५० नंतर अटलांटिकच्या तळाशी केबल टाकून युरोप आणि अमेरिका जोडायचं ठरलं. थॉमसनने गणित आधीच मांडलं होतं. समुद्रातली केबल लांबलचक कपॅसिटरसारखी वागते, म्हणून सिग्नल पसरट होऊन पोचतो, आणि लांबी दुप्पट झाली की उशीर चौपट होतो. कंपनीचा इलेक्ट्रिशियन व्हाइटहाउस (पेशाने सर्जन!) याला ते मान्य नव्हतं.

५ ऑगस्ट १८५८ ला आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड जोडले गेले. केबल टाकणाऱ्या जहाजावर थॉमसन स्वतः होता. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश जायला १६ तास लागले. व्हाइटहाउसचा उपाय सरळ होता : सिग्नल पोचत नाही ना, मग जोर वाढवा. त्याने सुमारे २००० व्होल्ट लावले. केबल मुळातच कच्ची, काही आठवड्यांत ती कायमची मुकी झाली.

थॉमसनची रीत उलटी. जोरात ओरडण्यापेक्षा कान तिखट करावा. रेशमाच्या धाग्याला टांगलेला इवलासा आरसा, त्याच्या पाठीला चुंबक, आणि त्यावरून पट्टीवर पडणारा दिव्याचा कवडसा. हा त्याचा मिरर गॅल्व्हानोमीटर. अगदी क्षीण करंटनेसुद्धा कवडसा हलायचा. शिवाय दर मैलाला किती रेझिस्टन्स हे माहीत असेल, तर किनाऱ्यावर बसून मोजमाप करून बिघाड किती मैलांवर आहे याचा अंदाज बांधता येतो. समुद्र उपसायची गरज नाही.

इथे थोडं विषयांतर. आमच्या विंगने मेसच्या हिशेबाची वेबसाइट केली होती. रात्री झकास चालायची, सकाळी पहिल्या लॉगिनला डेटाबेसचं कनेक्शन तुटल्याची एरर. एकजण म्हणाला रोज सर्व्हर रीस्टार्ट करू, दुसरा म्हणाला पूलमधली कनेक्शनं वाढवू. दोघेही व्हाइटहाउस! मग लॉगमधल्या वेळा कागदावर उतरवल्या. शेवटची क्वेरी आणि एरर यांत दरवेळी आठ तासांहून जास्त अंतर. सेटिंग बदललं नसेल तर मायएसक्यूएल २८८०० सेकंद गप्प बसलेलं कनेक्शन आपणहून बंद करतं, पूलला पत्ता नसतो, आणि तो मेलेलं कनेक्शनच पुढे करतो. हाती देण्याआधी तपासायचं आणि आठ तासांच्या आत जुनं टाकून नवं घ्यायचं, एवढं केलं आणि तक्रार संपली.

थॉमसनने कारखान्यातही डोकं घातलं. तांब्याचे नमुने तपासले तर कुठलं चांगलं वाहक, कुठलं सुमार. तेव्हा केबल जहाजावर चढण्याआधीच टेस्टिंग हवं, असा त्याने आग्रह धरला. १८६५ ला ग्रेट ईस्टर्न जहाजावरून पुन्हा प्रयत्न झाला. इन्सुलेशनमध्ये तारेचे तुकडे घुसलेले सापडले, घातपाताचा संशय आला, पण दोष केबलच्याच बाहेरच्या तारांचा निघाला. शेवटी केबल तुटून तळाशी गेली. १८६६ ला विलोबी स्मिथच्या पद्धतीने टाकतानाच इन्सुलेशनची अखंड तपासणी चालू ठेवली. २७ जुलैला लाइन जोडली गेली. वर तळाशी गेलेली १८६५ची केबलही गळ टाकून उचलली आणि पुरी केली! हे मला सगळ्यात भारी वाटतं. त्याच ग्रेट ईस्टर्नने १८७० ला मुंबई ते एडन केबल टाकली.

१८६६ लाच थॉमसन सर झाला आणि १८९२ ला लॉर्ड. केल्विन हे नाव ग्लासगोच्या नदीचं. पृथ्वीच्या वयाचं त्याचं गणित मात्र साफ चुकलं, रेडिओॲक्टिव्हिटी सापडल्यावरही त्याने हट्ट सोडला नाही. १७ डिसेंबर १९०७ ला तो गेला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये न्यूटनजवळ त्याला पुरलं आहे.