कारोय टाकाच : डाव्या हाताचा नेमबाज

महाभारतातील एकलव्याची कथा तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. तो निषाद होता म्हणून त्यास विद्या नाकारण्यात आली, आणि पुढे त्याच्या उजव्या हाताचा अंगठाच मागून घेण्यात आला. ज्या पुरुषाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, त्याच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी निराळ्या रूपाने घडल्या. मात्र त्याची कथा तेथे संपली नाही.

हंगेरी हा मध्य युरोपातील एक लहानसा देश. त्याची राजधानी बुडापेस्ट. तेथे २१ जानेवारी १९१० रोजी कारोय टाकाच याचा जन्म झाला. हंगेरियन लोक आडनाव आधी व नाव मागाहून लिहितात, म्हणून मायदेशी त्यास टाकाच कारोय असे म्हणत. टाकाच या शब्दाचा अर्थ विणकर, म्हणजे आपल्याकडील साळी किंवा कोष्टी. परंतु या विणकराने धोटा हाती न घेता पिस्तूल घेतले. तो सैन्यात शिरला, आणि १९३६ पर्यंत देशातील निवडक पिस्तूलबाजांत त्याची गणना होऊ लागली.

त्याच वर्षी बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले. टाकाच यास तेथे पाठविणे सर्वथा योग्य झाले असते. परंतु तो पडला सार्जंट, आपल्या फौजेतील हवालदाराच्या तोलाचा, आणि हंगेरीच्या सैन्यात नियम असा की देशाच्या संघात फक्त सनदी अधिकाऱ्यांनीच जावे. नेम धरणाऱ्याच्या बाहीवर किती फिती आहेत हे निशाणास दिसत नाही, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी. सामने आटोपल्यावर तो नियम रद्द झाला. टाकाचपुरता मात्र चार वर्षांचा उशीर होऊन गेला. आज आपल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात जवान म्हणून भरती होऊन ऑलिंपिकच्या धावपट्टीपर्यंत पोहोचला, याचे आपणांस नवल वाटत नाही. त्या काळी त्या देशात ते अशक्य होते.

टाकाच याने १९४० च्या सामन्यांवर दृष्टी ठेवली. तोच १९३८ साली, सैन्याच्या कवायतीत, सदोष हातबाँब त्याच्या उजव्या हातातच फुटला. ज्या हाताने तो नेम धरी, तोच हात निकामी झाला.

महिनाभर तो रुग्णालयात होता. तेथून बाहेर पडल्यावर त्याने कोणास न सांगता डाव्या हाताने नेमबाजी शिकण्यास आरंभ केला. हे काम किती बिकट आहे याची कल्पना यावी म्हणून थोडे सांगतो. या खेळात पिस्तूल एकाच हाताने, हात पुढे ताणून, कशाचाही आधार न घेता धरावे लागते. हात बदलला की पाय बदलतात, खांदा बदलतो, शरीराचा तोल बदलतो. चाप ओढताना बोट यत्किंचित आडवे गेले तरी गोळी भलतीकडे जाते. वर्षानुवर्षे अंगी मुरलेली सवय विसरून लहान मुलाप्रमाणे पुन्हा श्रीगणेशा गिरवावयाचा, आणि तोही एकांतात!

येथे शिक्षकाच्या नात्याने एक कबुली दिली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा डाव्या हाताने लिहीत असे. मी रोज त्याच्या डाव्या हातातील लेखणी काढून उजव्या हातात देत असे, आणि त्याचे अक्षर बिघडले म्हणून वर रागावतही असे. शास्त्यांच्या पुस्तकात बन्यामीन वंशातील सातशे डावखुऱ्या पुरुषांची हकीकत आहे. गोफणीने ते केसावर नेम धरीत आणि तो चुकत नसे. हे मी वाचलेले होते, तरीही मी तसे वागलो. पालकांनी घरी असे करू नये, एवढीच विनंती.

असो. १९३९ च्या वसंत ऋतूत हंगेरीची राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरली, तेव्हा टाकाच तेथे हजर झाला. जुने सोबती भोवती जमले. बिचारा आपला खेळ पाहावयास आला, असे समजून ते त्याचे सांत्वन करू लागले. आपण पाहावयास नव्हे, तर स्पर्धेत उतरावयास आलो आहो, असे त्याने त्यांस सांगितले. आणि ती स्पर्धा त्याने डाव्या हाताने जिंकली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लुसर्न येथे जागतिक अजिंक्यपद जिंकणाऱ्या हंगेरीच्या संघातही तो होता.

पण दैव पुन्हा आडवे आले. महायुद्ध भडकले, आणि १९४० व १९४४ हे दोन्ही ऑलिंपिक सामने भरलेच नाहीत. लंडन येथे १९४८ च्या ऑगस्टात तो स्पर्धेस उभा राहिला, तेव्हा त्याचे वय ३८ वर्षांचे होते. (त्या वेळी आपल्या बीडवर अद्याप निजामाचा अंमल होता, तो पुढील महिन्यात संपला. कराडजवळील गोळेश्वरचा तरुण मल्ल खाशाबा जाधव त्याच सामन्यांत कुस्ती खेळत होता.)

त्याची स्पर्धा जलद पिस्तुलाची. २५ मीटरांवर पाच निशाणे एका ओळीत उभी असतात, आणि प्रत्येकावर एकेक अशा पाच गोळ्या प्रथम आठ सेकंदांत, मग सहांत व शेवटी अवघ्या चार सेकंदांत झाडावयाच्या असतात. एकूण गोळ्या ६० आणि गुण ६००. तत्कालीन जगज्जेता अर्जेंटिनाचा दियाझ साएन्झ व्हालियेन्ते याने टाकाच यास पाहून आश्चर्याने विचारले की, तुमचे येथे काय काम? आपण शिकावयास आलो आहो, असे टाकाच नम्रपणे म्हणाला. निकाल लागला तेव्हा टाकाचचे गुण ५८०, म्हणजे नवा जागतिक उच्चांक, आणि दियाझचे ५७१. पारितोषिकाच्या वेळी दियाझने दिलदारपणे कबूल केले की, यांचे शिक्षण आता पुरेसे झाले आहे.

चार वर्षांनी हेलसिंकी येथे टाकाच याने ५७९ गुण मिळवून सुवर्णपदक राखले. या स्पर्धेत ते लागोपाठ दोनदा मिळविणारा तो पहिलाच. रौप्यपदक अवघ्या एका गुणाने मागे राहिलेल्या सिलार्द कुन यास मिळाले. हा कुन विशीही न गाठलेला हंगेरियन मुलगा, आणि टाकाचच्याच हाताखाली तयार झालेला! शिष्य एका गुणाने हरल्याचे दुःख मानावे की गुरू एका गुणाने वाचल्याचा आनंद, हे ज्याचे त्याने ठरवावे. खाशाबांनी कांस्यपदक मिळविले ते याच सामन्यांत.

मेलबर्न येथे १९५६ साली तो आठवा आला. तरीही १९५८ च्या मॉस्को येथील जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळविले. पुढे तो तरुण नेमबाजांस शिकवू लागला. केवळ हुद्द्यापायी ज्यास बर्लिनला जाऊ दिले नव्हते, तो सार्जंट लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाला. ५ जानेवारी १९७६ रोजी बुडापेस्ट येथेच त्याचे निधन झाले.

पुढे २०१२ साली त्याच लंडन शहरात, जलद पिस्तुलाच्या त्याच स्पर्धेत, भारताच्या विजयकुमार याने रौप्यपदक जिंकले. तोही सैन्यातलाच, आणि हुद्द्याने सुभेदार.