बांधावरचे विज्ञान : थॉमस ओधियांबो

थॉमस ओधियांबो यांचा जन्म १९३१ साली केनियातील मोंबासा येथे झाला. देश तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली होता. युगांडातील मकेरेरे येथे शिकून ते केंब्रिजला गेले व कीटकांच्या शरीरक्रियेवर संशोधन करून मायदेशी परतले. परदेशात मानाची जागा मिळवणे त्यांना अवघड नव्हते. पण १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला, तरी आफ्रिकेच्या किडींवरचे संशोधन परक्यांच्याच हाती राहावे, हे त्यांना पटत नव्हते. १९७० मध्ये त्यांनी नैरोबीत आंतरराष्ट्रीय कीटक संशोधन केंद्र उभारले आणि १९९४ पर्यंत त्याची धुरा वाहिली.

एक-दोन एकरांच्या शेतकऱ्याला महागडे विष परवडत नाही. आणि परवडले तरी ते किडीबरोबर मित्रकीटकांनाही मारते. म्हणून किडीचे जीवन समजून घ्यावे व तिला तिच्याच सवयींत अडकवावे, हा या केंद्राचा मार्ग. केनियातील न्गुरुमन भागात त्से-त्से माशीसाठी निळ्या-काळ्या कापडाचे सापळे तयार झाले. आमिष म्हणून गोमूत्र व ॲसिटोन! मासाई गुराख्यांना ते स्वतः वापरता येत.

आम्ही ज्वारी पिकवणारी माणसे. पोंगा वाळलेले ताट चिरले की आत खोडकिडा सापडतो. हाच आशियाई किडा विसाव्या शतकात आफ्रिकेत पोहोचला आणि मक्याचा वैरी झाला, हे वाचून मी चकित झालो. खोडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. त्यावर १९९० नंतर याच केंद्रात, इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या सहकार्याने, जन्माने भारतीय असलेले झेयाउर खान व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोड काढली. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम लावायचे, त्याच्या वासाने पतंग दूर पळतात. कडेने नेपियर गवत लावायचे, ते पतंगांना ओढून घेते व त्यावर बहुतेक अळ्या जगत नाहीत. डेस्मोडियममुळे टारफुलाही हटतो. शिवाय दोन्ही गुरांची वैरण!

१९८७ मध्ये सेनेगलचे अध्यक्ष अब्दू दिऊफ यांच्यासह ओधियांबो यांना भूकनिवारणासाठीचा पहिला आफ्रिका पुरस्कार मिळाला. आफ्रिकन विज्ञान अकादमीचे ते संस्थापक-अध्यक्ष. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रत्येक शोध त्यांच्या हातून लागला नाही. पण आपल्या मातीचे प्रश्न आपल्याच मातीत सोडवणारी संस्था त्यांनी मागे ठेवली. पदवी हाती पडताच गावाकडे पाठ फिरवणाऱ्या आम्हा तरुणांनी विचार करावा, असे मला यात बरेच काही दिसते.