तराजू सरळ धरणारा अल-बिरुनी

तळवड्याच्या वर्कशॉपमधला कारागीर तुकडा हातात घेताच ॲल्युमिनियम की पोलाद, हे वजनावरून सांगतो. हजार वर्षांपूर्वी याच वजनाचे शास्त्र अबू रैहान अल-बिरुनी यांनी रत्नांना लावले.

९७३ मध्ये ख्वारिझममध्ये जन्मलेल्या या विद्वानाने बाजूला तोटी असलेले निमुळते भांडे बनवले. ते पाण्याने काठोकाठ भरायचे, तोललेला खडा आत सोडायचा आणि तोटीतून सांडलेले पाणी तोलायचे. माणिक सांडलेल्या पाण्याच्या सुमारे ४ पट भरते. तसाच तांबडा दिसणारा बदख्शानचा ‘लाल’ ३.६ पट. रंग फसवतो, वजन नाही. तोटीत पाणी अडकून हिशेब चुकू नये म्हणून त्यांनी भांडे पुन्हा पुन्हा सुधारले.

१०१७ मध्ये ख्वारिझम जिंकून महमूदाने त्यांना गझनीला नेले. पुढे हिंदुस्थानात येऊन ते संस्कृत शिकले. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या ‘किताब-उल-हिंद’मध्ये कोकणातले समुद्रकाठचे ठाणेही आहे. आपल्याच सुलतानाच्या स्वाऱ्यांनी इथली भरभराट उद्ध्वस्त झाली, हेही त्यांनी त्यात नोंदवले.

१०४८ च्या सुमारास गझनीत त्यांचे निधन झाले. रमजानमध्ये जकातीसाठी घरोघरी सोने तोलले जाते, तेव्हा त्यांची आठवण व्हावी.