बॅबेज, बायोस आणि मी

सुरुवातीलाच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. हा लेख इंग्लिश सेक्शनला देता आला असता. पण ज्या पीसीमुळे हे सगळं घडलं तो बाबांनी घेतलेला आहे, आणि बाबा मराठीच वाचतात.

२०१२ साली ताईच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी बाबांनी तो डेस्कटॉप असेंबल करून घेतला. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, दोन कोअर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड. ताईचं शिक्षण त्यावरच झालं आणि आता तो हॉस्टेलवर माझ्या टेबलाखाली आहे. मिनी प्रोजेक्टचं सिम्युलेशन लावावं, मेसला जाऊन जेवून यावं, तरी हे महाशय घरघरतच असतात! नवीन पीसी मागायची हिंमत नव्हती. तेवढ्यात कळलं की त्याच ११५५ सॉकेटमध्ये तिसऱ्या पिढीचा चार कोअरचा आय-फाइव्ह बसतो आणि सेकंडहँड स्वस्तात मिळतो. झालं! जुना प्रोसेसर काढला, दुकानात एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला आणि आय-फाइव्ह घेऊन आले. सॉकेटमध्ये नीट बसवला, वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट लावली, वर पंखा घट्ट केला आणि बटण दाबलं. पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळीकुट्ट.

चूक माझीच होती. मदरबोर्डवरचं बायोस जुनं. ते तयार झालं तेव्हा तिसरी पिढी बाजारात आलीच नव्हती, मग ते नव्या पाहुण्याला ओळखणार कसं? आधी बायोस अपडेट करावं लागतं, आणि ते करायला जुनाच प्रोसेसर जागेवर लागतो. तो तर मी देऊन बसले होते! दुकान दोन दिवस बंद. करायला काही नाही म्हणून लायब्ररीत जाऊन बसले आणि तिथे चार्ल्स बॅबेज भेटला. कॉम्प्युटरचा जनक म्हणून फर्स्ट इयरला एका मार्कासाठी नाव पाठ केलं होतं, तेवढीच आमची ओळख.

बॅबेजचा जन्म २६ डिसेंबर १७९१ चा, लंडनचा. वडील बँकर, घरी पैशाला कमी नाही. १८१० मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला, तर तिथलं गणित त्याला शिळं वाटलं. युरोपात कॅल्क्युलस कुठल्या कुठे पोचलं होतं आणि केंब्रिज अजून न्यूटनच्याच खुणा गिरवत होतं. मग त्याने जॉन हर्शेल, जॉर्ज पीकॉक अशा मित्रांना घेऊन १८१२ मध्ये अ‍ॅनॅलिटिकल सोसायटी काढली. तेव्हा तो माझ्याच वयाचा होता. मी पीसी अपग्रेड करत होते, त्याने सिलॅबस करायला घेतला!

१८२१ मध्ये तो आणि हर्शेल खगोलशास्त्राची कोष्टकं तपासत होते. दोघांनी वेगवेगळी, हाताने केलेली गणितं शेजारी ठेवून ताडून बघायची. चुकांवर चुका निघाल्या. त्या काळी खलाशी, इंजिनिअर, विमावाले सगळे अशा छापील कोष्टकांवर विसंबून असायचे. समुद्रात एक आकडा चुकला तर जहाज खडकावर! हे काम यंत्राने का करू नये, असं त्याच्या मनाने घेतलं आणि पुढची पन्नास वर्षं ते सोडलं नाही.

युक्ती सोपी होती. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग घ्या. त्यांच्यातले फरक ३, ५, ७, ९. आणि त्या फरकांतला फरक कायम २. म्हणजे गुणाकार न करता नुसत्या बेरजा करत पुढचा वर्ग काढता येतो, आणि बेरीज तर दातेरी चाकंही करू शकतात. हेच डिफरन्स इंजिन. १८२२ मध्ये त्याने छोटं मॉडेल करून दाखवलं, १८२३ मध्ये सरकारने १,५०० पौंड दिले. जोसेफ क्लेमंट नावाचा नामांकित कारागीर मिळाला. मोठ्या यंत्राला सुमारे २५,००० भाग लागणार होते, आणि एकसारखे हजारो भाग बनवायची सोय त्या काळात नव्हतीच. काम रेंगाळलं, डिझाइन बदलत गेलं, बिलं वाढत गेली.

त्यातच १८२७ साल उजाडलं. त्या एका वर्षात त्याचे वडील गेले, एक मुलगा गेला आणि बायको जॉर्जियानाही गेली. तो काही काळ इंग्लंड सोडून युरोपात फिरत राहिला. त्याच्या आठ मुलांपैकी बहुतेक लहानपणीच गेली. चरित्रात ही एक-दोन ओळींची माहिती असते. मी ते पान उलटायला जरा वेळ घेतला.

१८३२ मध्ये यंत्राचा सातवा हिस्सा जोडून तयार झाला. बेरजा अचूक! पण पुढच्याच वर्षी पैशांवरून क्लेमंटशी बिनसलं आणि काम थांबलं. ते पुन्हा सुरू झालंच नाही. सरकारचे एकूण १७,००० पौंडांवर खर्च झाले होते. त्या काळी एक आख्खं रेल्वे इंजिन ८०० पौंडांच्या आत यायचं.

आणि अशा वेळी, १८३४ मध्ये, बॅबेजला त्याहून भारी कल्पना सुचली. अ‍ॅनॅलिटिकल इंजिन! एकच ठरावीक गणित करणारं नाही, तर सांगू ते गणित करणारं यंत्र. गणित जिथे होणार तो भाग मिल, आकडे जिथे साठणार तो स्टोअर, आणि हुकूम द्यायला जॅकार्डच्या मागावर असतात तशी भोकं पाडलेली कार्डं. मिल म्हणजे आपला प्रोसेसर आणि स्टोअर म्हणजे मेमरी. डिजिटलच्या पेपरला आपण कॅरी लुक-अहेड अ‍ॅडर घोकतो ना? हातचा एकेक करत पुढे सरकायची वाट न बघता आधीच ओळखायचा, ही युक्ती त्याने या मिलसाठी चाकांमध्ये बसवली होती. एडा लव्हलेसने १८४३ मध्ये या इंजिनावर टिपणं लिहिली आणि बर्नुली संख्या काढायची रीत पायरी-पायरीने मांडली.

इथे मात्र मला घाम फुटला. जुनं यंत्र अर्धवट पडलेलं, आणि हा सरकारला सांगतोय की आता याहून सरस काहीतरी सुचलंय. सरकारने आठ वर्षं घोळ घातला आणि १८४२ मध्ये जुन्या यंत्रातून अंग काढून घेतलं. बॅबेज पंतप्रधान पील यांना जाऊन भेटला, तर भेटीत वादच झाला. सगळा दोष त्याचाच असं मी म्हणणार नाही. तंत्रज्ञान, पैसा, क्लेमंट, सगळ्यांचा वाटा होता. पण जुनं चालू व्हायच्या आत त्याचं मन नव्याकडे गेलं होतं, हेही खरंच. अ‍ॅनॅलिटिकल इंजिनाचे ढीगभर नकाशे झाले, इंजिन पुरं झालं नाही.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये शॉइट्झ नावाच्या बापलेकांनी बॅबेजच्या यंत्राबद्दल वाचून स्वतःचं डिफरन्स इंजिन करायला घेतलं. बॅबेजच्या मानाने ओबडधोबड, लहान. पण १८५३ मध्ये ते पूर्ण झालं! आणि बॅबेजने जळफळाट न करता त्यांचं मनापासून कौतुक केलं. या एका गोष्टीमुळे तो मला फार आवडला. नाहीतर रस्त्यावरच्या बाजावाल्यांशी वर्षानुवर्षं भांडणारा, तसा तापट माणूस होता तो.

१८४७ ते १८४९ मध्ये त्याने शिकलेलं सगळं वापरून डिफरन्स इंजिन नंबर दोनचे नकाशे काढले. भाग फक्त ८,०००, म्हणजे आधीच्या एक तृतीयांश. सरकारने तेही नाकारलं. १८ ऑक्टोबर १८७१ ला तो गेला. हिंदुस्थानात कंपनीच्या फौजेत नोकरी केलेला त्याचा मुलगा हेन्री याने पुढे वडिलांच्या मिलचा काही भाग बनवून घेतला. आणि १९९१ मध्ये, बॅबेजच्या जन्माला २०० वर्षं होताना, लंडनच्या सायन्स म्युझियमने नंबर दोन त्याच्या नकाशांवरून खरंच बांधलं. ३१ आकडी उत्तरं, सगळी बरोबर! त्याचा प्रिंटर २००२ मध्ये पुरा झाला. म्हणजे डिझाइन कधीच चुकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं. माझा आय-थ्री अजून गल्ल्याच्या खणातच होता. जास्तीचे पैसे देऊन परत आणला, बसवला, पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट केलं. मधेच लाइट गेली तर बोर्डच जाऊ शकतो, म्हणून रूममेटचा यूपीएस उसना घेतला. मग आय-फाइव्ह बसवला आणि स्क्रीन उजळली. कोणी अपग्रेड करणार असेल तर क्रम लक्षात ठेवा. बोर्डला कुठला प्रोसेसर चालतो ती यादी बघा, जुना असतानाच बायोस बदला, आणि नवा दोन-चार दिवस नीट चालल्याशिवाय जुना देऊ नका.

आणखी एक सांगायचं राहिलं. आमचा ग्रुप मिनी प्रोजेक्टचा टॉपिक तिसऱ्यांदा बदलणार होता, आणि बदलायला लावणारी मीच. तिघी माझ्याशी धड बोलत नव्हत्या. त्या रात्री मी त्यांना सांगितलं की पहिलाच टॉपिक पुरा करू या, साधा असला तरी. माझी भारी आयडिया वहीत लिहून ठेवलीये. नकाशे नीट असले तर ते वाट बघू शकतात, हेही बॅबेजनेच शिकवलं.

जुना आय-थ्री आता माझ्या कपाटात एका डबीत आहे. तो विकायचा नाही.

बाबा, पीसी मस्त चालतोय.