इंग्रज फ्रान्सच्या भूमिगतांना विमानातून बंदुका टाकत होते, नाना पाटलांच्या माणसांनी मात्र त्या पोलीस ठाण्यातून पळवल्या

साल होतं १९४३. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं.

चांदण्या रात्री इंग्लंडमधल्या टेम्प्सफर्ड विमानतळावरून दिवे मालवलेली विमानं उडायची आणि जर्मनांनी बळकावलेल्या फ्रान्समध्ये शिरायची. खाली एखाद्या शेतात चार-दोन माणसं विजेऱ्या घेऊन उभी असायची. खूण पटली की पॅराशूटला बांधलेले डबे खाली यायचे. आत स्टेनगन, काडतुसं आणि स्फोटकं. लायसँडर नावाची छोटी विमानं तर थेट शेतातच उतरायची आणि माणसांची ने-आण करून काही मिनिटांत परत उडायची.

परक्या सत्तेशी लढणाऱ्या फ्रेंच भूमिगतांना ही रसद पाठवत होतं ब्रिटिश सरकार.

आणि त्याच वर्षी हेच सरकार सातारा जिल्ह्यात परक्या सत्तेशी लढणाऱ्या एका भूमिगताला हुडकत होतं. त्याच्यावर इनाम लावलं होतं. त्याच्यासाठी आभाळातून काहीही पडणार नव्हतं.

त्याचं नाव नाना रामचंद्र पाटील. सगळा महाराष्ट्र त्यांना क्रांतिसिंह म्हणून ओळखतो.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव वाळवा तालुक्यातलं येडे मच्छिंद्र. आज हा तालुका सांगली जिल्ह्यात आहे, पण तेव्हा सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता, हा सगळा भाग साताऱ्यातच यायचा. नाना तलाठी होते. कुणाची जमीन किती, कुणावर कर्ज किती, हे त्यांना पाठ होतं. सत्यशोधक विचारांचा संस्कार होता. १९३० मध्ये कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं. पुढची बारा वर्षं कधी तुरुंगात, कधी गावोगावच्या सभांत गेली. त्यांचं बोलणं अस्सल गावरान. बांधावरच्या माणसाला ते आपल्यातलेच वाटायचे.

मग आलं १९४२. सप्टेंबरमध्ये तासगाव, वडूज, इस्लामपूरला मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी शहीद झाले. नुसत्या मोर्चांनी भागणार नाही हे कार्यकर्त्यांना कळून चुकलं. नाना भूमिगत झाले आणि १९४३ मध्ये प्रतिसरकार उभं राहिलं.

या सरकारची न्यायदान मंडळं गावोगावचे तंटे मिटवायची. सावकारांना आणि गावगुंडांना चाप बसला. कमी खर्चातली गांधी लग्नं लागू लागली, दारूबंदी झाली. संरक्षणासाठी तुफान सेना होती आणि तिचं केंद्र होतं कुंडल.

कुंडलच का? तर कुंडल औंध संस्थानात होतं. या भागात इंग्रजी मुलूख आणि छोटी-छोटी संस्थानं एकमेकांत गुंतलेली. एका गावाची शीव ओलांडली की हुकूमत बदलायची. भूमिगतांना याचा मोठा आधार झाला.

पण लढायला हत्यारं लागतात आणि पैसाही लागतो. तो आणायचा कुठून?

इथं जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी ही तरुण मंडळी पुढे आली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम घेऊन जाणारी रेल्वे अडवली गेली. जी. डी. बापू आणि कॅप्टन भाऊ लाड यांच्या तुकडीनं १९,१७५ रुपये ताब्यात घेतले. १४ एप्रिल १९४४ ला थेट धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. ती रक्कम होती सुमारे साडेपाच लाख.

हत्यारांचा किस्सा तर नानांच्या घरचाच आहे. त्यांची मुलगी हौसाताई तेव्हा सतरा वर्षांच्या आसपासची. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक नवरा बायकोला बेदम मारतोय, असं नाटक रचलं. मार खाणारी बायको म्हणजे हौसाताई. भांडण सोडवायला पोलीस बाहेर धावले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतून चार बंदुका आणि काडतुसं पळवली.

काही हत्यारं पोर्तुगीजांच्या गोव्यातून यायची. तिथं एक साथीदार पकडला गेला, तेव्हा हौसाताई त्याला तुरुंगात भेटून आल्या. परतताना लाकडी पेटीच्या आधारानं त्यांनी रात्री मांडवी नदी पार केली. सोबतचे साथीदार पोहत होते.

चार बंदुकांसाठी एवढा खटाटोप! पण त्याहून महत्त्वाची रसद होती भाकरीची, निवाऱ्याची आणि पोलीस येत असल्याच्या निरोपाची. ती गावातून यायची आणि त्याची किंमत गावालाच मोजावी लागायची. खुद्द नानांचं घर आणि जमीन सरकारनं जप्त केली. म्हातारी आई आणि मुलगी उघड्यावर पडल्या. सरकारचा धाकच असा होता, की त्यांना मदत करायलाही लोक कचरायचे.

तरीही नाना १९४६ पर्यंत सापडले नाहीत. इनामाच्या मोहानंही कुणी त्यांना पकडून दिलं नाही.

स्वातंत्र्यानंतर ते शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून ते लोकसभेवर निवडून आले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचं निधन झालं.

फ्रान्समध्ये डबे टाकणाऱ्या वैमानिकांवर पुस्तकं निघाली, सिनेमे निघाले. त्याच काळात येडे मच्छिंद्र, कुंडल आणि वांगीच्या वाटांवर रात्री डोक्यावर भाकरी घेऊन निघालेल्या बायाबापड्यांपैकी बहुतेकांची नावं कुठंच नोंदलेली नाहीत. नानांचं सरकार त्यांच्या जिवावर टिकलं होतं.